एकाच जागी लावलेली अबोली पुन्हा पुन्हा का सुकते?

पावसाळा सरत आला की अबोली भरात येते, आणि नेमकं याच दिवसांत एखादं झाड दुपारी मान टाकू लागतं. संध्याकाळी ते सावरतं, म्हणून ऊन लागलं असेल असं समजून आपण एक तांब्या पाणी जास्त घालतो. पुढे नवी पानं लहान येऊ लागतात, त्यांच्यावर तांबूस-जांभळी झाक चढते, तुरे आखूड होतात, खालची पानं पिवळी पडून गळतात आणि शेवटी झाड उभ्या उभ्या वाळतं. मग ते उपटायचं, नर्सरीतून दुसरं आणायचं आणि त्याच आळ्यात लावायचं. दुसरं झाड काही महिने छान फुलतं आणि पुन्हा त्याच वाटेनं जातं.

‘आमच्याकडे अबोली टिकतच नाही’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांचा अनुभव हाच असतो. हे ऐकून मला नेहमी हळहळ वाटते, कारण अबोली टिकते. चांगल्या जागी ती दोन-तीन वर्षं भरपूर फुलं देते, एकेक तुरा खालून वर उमलत दोन-तीन आठवडे चालतो आणि फूल खुडल्यावरही लवकर कोमेजत नाही. वास नसूनही वेणीत तिला मान आहे तो यासाठीच. बिघाड बहुतेक वेळा त्या जागेच्या मातीत असतो, आणि रोप बदलल्यानं माती बदलत नाही. म्हणून पुढचं रोप आणण्याआधी मातीत काय चाललंय ते शोधायला हवं.

अबोली ही अडुळशाच्या कुळातली. काटेकोरांटी, सह्याद्रीत सात वर्षांनी फुलणारी कारवी, खाडीच्या चिखलात वाढणारी काटेरी मारांडी हे सगळे तिचे नातलग. ज्याच्यावरून या कुळाला अ‍ॅकँथेसी हे नाव मिळालं तो भूमध्य समुद्राकडचा मोठ्या कातरलेल्या पानांचा अ‍ॅकँथसही त्यांतलाच. नातलग काटक असले तरी अबोलीची मुळं मात्र नाजूक आहेत. ती बारीक असतात आणि मातीच्या वरच्या थरातच पसरतात. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे तिचं मूळ ठिकाण. उबदार हवा, पाणी न तुंबणारी आणि किंचित आम्ल माती तिला मानवते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात जांभ्या मातीच्या परसात ती फारसं कुणी लक्ष न देताही वाढते. पुण्या-सोलापुराकडे काळ्या चुनखडीच्या मातीत, बोअरच्या जड पाण्यावर तिची दुखणी वेगळी असतात. त्यामुळे कोकणातल्या मावशीनं सांगितलेला उपाय देशावरच्या बागेत लागू पडेलच असं नाही.

पानं बघून निदान करू नका, मूळ बघा

पिवळं पान अनेक कारणांनी येतं. तरी त्यातून एक गोष्ट लगेच कळते: पिवळेपणा कुठून सुरू झाला. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्यागार असतील तर लोह कमी पडतंय. त्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट होत असतील आणि झाड बाकी ताठ असेल तर बहुधा नत्राची भूक आहे, कुजलेल्या शेणखतानं ती भागते. पण माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकत असेल, तर पानांकडे बघण्यात वेळ घालवू नका. मुळं पाणी ओढू शकत नाहीत हाच त्याचा अर्थ. अशा वेळी आणखी पाणी घातलं की उरलीसुरली मुळंही कुजतात.

झाड ओढून उपटू नका. ओढताना बारीक मुळं तुटून मातीत राहतात आणि जे बघायचं तेच हातातून जातं. बुंध्यापासून वीतभर लांबून खुरप्यानं गोल खणा, मातीच्या गड्ड्यासकट झाड उचला आणि पाण्यानं भरलेल्या बादलीत तासभर ठेवा. माती आपोआप सुटते. मग मुळं पांढऱ्या ताटलीत पसरून उजेडात बघा. झाड अर्धं जिवंत असताना हे करणं उत्तम. पूर्ण वाळलेल्या झाडाची मुळं कुजून काळी झालेली असतात आणि त्यांवरून फारसं काही कळत नाही.

निरोगी अबोलीची मुळं पांढरट किंवा फिकट पिवळसर असतात आणि टोकाला बारीक तंतूंचं दाट जाळं असतं. हे जाळं आहे की नाही, ही पहिली तपासणी.

मुळांवर बारीक बारीक गाठी दिसल्या तर त्या नखानं खरवडून बघा. मातीचे कण सुटतात, या गाठी सुटत नाहीत, कारण मूळच तिथं फुगलेलं असतं. या गाठी सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीत राहणाऱ्या, धाग्यासारख्या अतिसूक्ष्म कृमींच्या. भुईमुगाच्या किंवा तागाच्या मुळांवर नत्र साठवणाऱ्या चांगल्या गाठी असतात, तशा याही चांगल्याच असतील अशी काहींची समजूत होते. अबोली शेंगवर्गीय नाही. तिच्या मुळांवरची गाठ म्हणजे रोगच.

गाठी नाहीत, पण मुळांवर तपकिरी-काळपट चट्टे आहेत आणि बारीक तंतू जवळपास नाहीसे झालेत, असं दिसलं तर तेही सूत्रकृमींचं काम असू शकतं, आणि अबोलीच्या बाबतीत हे मुद्दाम सांगायला हवं. गाठी करणाऱ्या मेलॉइडोगायनी जातीच्या जोडीला प्राटिलेंकस नावाची सूत्रकृमी अबोलीवर येते. तिची प्राटिलेंकस डेलाट्रेई ही जाती दक्षिणेत, जिथं अबोलीची शेती होते तिथं, या पिकाची मोठी शत्रू मानली जाते. ती मुळाच्या आत फिरत फिरत पेशी खात जाते, म्हणून गाठ होत नाही, चट्टा पडतो. ‘गाठी दिसल्या नाहीत म्हणजे सूत्रकृमी नाहीत’ असं ठरवून लोक भलत्याच औषधांमागे लागतात ते इथंच.

आता बुंधा बघा. जमिनीलगतचं खोड ब्लेडनं उभं चिरा. आतलं लाकूड पांढरट-हिरवट असायला हवं. तिथं तपकिरी रेघ वर चढत गेलेली दिसली तर फ्युजॅरियम बुरशीचा मर रोग आहे. मुळांची साल बोटांत धरून ओढल्यावर बाहीसारखी निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला, कुबट वास आला, तर पाणी साचून झालेली मूळकुज. बुंध्याला कापसासारखी पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियमची खोडकुज. हे दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, म्हणून ते हातानं वेचून, आजूबाजूची वरची माती खरवडून, बागेबाहेर टाका. कंपोस्टात नको.

खूपदा सूत्रकृमी आणि फ्युजॅरियम दोन्ही एकत्रच सापडतात. सूत्रकृमी मुळाला जखम करते, बुरशी त्या जखमेतून आत जाते. एकटी बुरशी जेवढं नुकसान करेल त्यापेक्षा दोघी मिळून कितीतरी जास्त करतात. नुसतं बुरशीनाशक ओतून झाड तात्पुरतं सावरतं आणि पुन्हा बसतं, याचं कारण दार उघडंच राहिलेलं असतं.

सूत्रकृमी त्या जागेत कशा राहतात

त्या डोळ्यांना दिसत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, पारदर्शक धाग्यासारख्या असतात. गाठी करणारी मादी मुळात एका जागी बसून एका पुंजक्यात काहीशे अंडी घालते. उबदार, ओलसर मातीत साधारण महिन्याभरात एक पिढी पुरी होते. म्हणजे जूनमध्ये लावलेल्या रोपाच्या मुळांत दिवाळीपर्यंत चार पिढ्या होऊ शकतात. नवं रोप सुरुवातीला छान का वाढतं आणि मग एकदम का बसतं, याचं उत्तर यात आहे. झाड उपटलं तरी तुटलेली मुळं आणि अंडी मातीत असतात, आणि पुढचं रोप लावलं की त्यांना ताजं अन्न मिळतं.

स्वतःहून त्या फार लांब जात नाहीत. वर्षभरात जेमतेम हात-दोन हात. पण वाहत्या पाण्यातून, खुरप्याला चिकटलेल्या मातीतून, चपलांच्या तळव्यातून आणि सगळ्यात जास्त म्हणजे नर्सरीच्या पिशवीतल्या मातीतून त्या कुठंही पोचतात. शिवाय त्यांना फक्त अबोलीच लागते असं नाही. टोमॅटो, वांगं, भेंडी, तेरडा आणि आपली तुळस, या सगळ्यांच्या मुळांत गाठी करणारी सूत्रकृमी वाढते. तुळस खुरटलेली आणि तिच्या शेजारची अबोलीही सुकणारी, असं दिसलं तर दोघींचं दुखणं एकच असण्याची दाट शक्यता आहे. अबोली काढलेल्या जागी वांगी लावून ‘फेरपालट केली’ म्हणणं तर उपयोगाचं नाहीच.

खात्री करून घ्यायची असेल तर माती तपासून घेता येते. साधी माती तपासणी वेगळी, ही वेगळी. झाडाच्या मुळांजवळची, वीतभर खोलीवरची पाव किलो माती आणि चिमूटभर बारीक मुळं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधा. माती वाळवू नका, उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. सूत्रकृमी जिवंत पोचल्या तरच मोजता येतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम चालतं. कोकणातल्यांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना कुठं द्यायचा ते विचारावं. घरच्या चार झाडांसाठी कुणी एवढं करणार नाही हे खरं, पण विक्रीसाठी अबोलीची ओळच्या ओळ लावणाऱ्यांनी लागवडीआधी हे करायलाच हवं.

आजारी झाडाचं काय करायचं

पानं गळून काड्या उरल्या असतील तर त्या झाडावर मेहनत घेऊ नका. मुळांसकट काढा आणि जाळा किंवा कचऱ्यात द्या.

झाड अजून हिरवं असेल आणि नुसतं दुपारी मान टाकत असेल तर ते सावरू शकतं. वरचा एक तृतीयांश भाग छाटा, तुरे सगळे काढा, म्हणजे कमी मुळांवर कमी भार पडेल. दुपारच्या उन्हापासून आडोसा करा. बुंध्यापासून चार बोटं सोडून माती हलकी मोकळी करा आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. आठवड्यानं ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळलेलं कुजलेलं शेणखत घाला. वर पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा, बुंध्याला मात्र ते टेकू देऊ नका. पाणी वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच.

फ्युजॅरियमची रेघ दिसली असेल किंवा मूळकुज असेल तर शेजारच्या झाडांच्या आळ्यात कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक लिटरला अडीच ते तीन ग्रॅम या प्रमाणात ओतता येतं. ते आणि ट्रायकोडर्मा एकत्र वापरू नका. ट्रायकोडर्मा हीदेखील बुरशीच आहे, तांब्यानं तीही मरते. मध्ये निदान पंधरा दिवस जाऊ द्या.

शेतीच्या दुकानात अजूनही कुणी दाणेदार विषारी औषध सुचवतं. त्यातल्या फोरेटवर भारतात २०१८ च्या आदेशानं बंदी आली आणि ३१ डिसेंबर २०२० पासून ते पूर्ण बंद आहे. कुठं जुना साठा मिळाला तरी घेऊ नका. बाकीची दाणेदार कीटकनाशकंही घरच्या बागेत नकोतच. अबोलीची फुलं रोज हातानं खुडली जातात, केसांत माळली जातात, देवाला वाहिली जातात, आणि त्याच आळ्याशी घरातली मुलं खेळतात. यात मी तडजोड करणार नाही.

जात वाचवायची असेल तर शेंडा घ्या

काही घरांत अबोलीचं एक झाड पिढ्यांपासून चालत आलेलं असतं, आजीनं माहेराहून आणलेलं. असं झाड मरणार म्हणून जीव तुटतो. त्यांच्यासाठी चांगली बातमी ही की सूत्रकृमी मुळांत असतात, कोवळ्या शेंड्यांत नसतात. झाडाचं मूळ सडलेलं असलं तरी वरून घेतलेल्या फांदीतून स्वच्छ रोप तयार होतं.

फूल न आलेला किंवा तुरा काढून टाकलेला, बोटभर ते चार इंच लांबीचा, दोन-तीन पेरांचा शेंडा कापा. कापलेली जागा बघा; मधोमध तपकिरी ठिपका असेल तर तो टाकून आणखी वरचा घ्या. खालची पानं काढा, वरची मोठी असतील तर अर्धी कापा. धुतलेली वाळू आणि नवं कोकोपीट सम प्रमाणात घेऊन त्यात खोचा. बागेतली माती अजिबात नको, नाहीतर सगळा खटाटोप वाया. वर कापलेली पारदर्शक बाटली उपडी ठेवा आणि सावलीत ठेवा. पावसाळ्याच्या दमट हवेत तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात.

‘दिल्ली’ अबोलीला तर हाच मार्ग आहे. गडद केशरी, मोठ्या फुलांची ही जात त्रिगुणित आहे, तिला बी धरत नाही, फांदीवरच वाढवावी लागते. म्हणूनच ती आणताना जास्त जपायला हवं: एका आजारी वाफ्यात रुजवलेल्या फांद्या शंभर घरी जातात. साध्या केशरी आणि पिवळ्या अबोलीला बी धरतं. वाळलेल्या तुऱ्यातली बोंडं पाणी लागलं की तडकतात आणि बिया दूर उडतात, म्हणून पावसाच्या आधी, बोंडं तपकिरी झाल्यावर, तुरा कागदी पिशवीत काढून घ्या. बी ताजंच पेरा. जुनं झालं की उगवण झपाट्यानं घटते. स्वच्छ माध्यमात बियांपासून केलेलं रोप हे रोगमुक्त सुरुवातीचं सगळ्यात स्वस्त साधन आहे.

जागा बरी कशी करायची

इथं घाई केली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. एका वाफ्याला साधारण एक हंगाम द्यावा लागतो, आणि आपल्याकडचं ऋतुचक्र यासाठी अगदी सोयीचं आहे.

एप्रिल-मे मध्ये वाफा मोकळा करा, जुनी मुळं वेचून काढा, ढेकळं फोडा, भरपूर पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी पारदर्शक प्लॅस्टिकनं झाका. काळं प्लॅस्टिक नको. त्याखाली माती तेवढी तापत नाही. २५ ते ५० मायक्रॉन जाडीचं चालतं, पातळ असलं तर उलट ऊब चांगली आत जाते, फक्त फाटायला नको. कडा मातीत पक्क्या गाडा. चार ते सहा आठवडे हलवू नका. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात याचा परिणाम फारच चांगला होतो. किनाऱ्यावर हवा धुरकट-दमट असल्यानं पूर्ण सहा आठवडे ठेवा आणि वळवाच्या सरींनी प्लॅस्टिकवर पाणी साचू देऊ नका. वरचा वीतभर थर स्वच्छ होतो. खोलवरच्या सूत्रकृमी वाचतात आणि नंतर वर येतात, म्हणून एवढ्यावर थांबून चालत नाही.

जूनमध्ये प्लॅस्टिक काढल्यावर चौरस मीटरला १०० ते २०० ग्रॅम निंबोळी पेंड वरच्या थरात मिसळा आणि ओल राहू द्या. पेंड कुजताना उष्णता निघते, लगेच रोप लावलं तर मुळं भाजतात, तेव्हा दोन-तीन आठवडे थांबा.

मग झेंडू. दसऱ्यासाठी आपण तो लावतोच. तो या वाफ्यात लावा. झेंडूच्या मुळांत असणारी द्रव्यं सूत्रकृमींना मारक ठरतात, आणि मुळात चट्टे पाडणाऱ्या प्राटिलेंकसवर तर हा उपाय विशेष चालतो. पण तो कसा लावला यावर सगळं अवलंबून आहे. अबोलीच्या चार झाडांमध्ये शोभेला एक झेंडू लावून काही होत नाही. झेंडूच झेंडू हवा, वीत-वीत अंतरावर दाट, निदान अडीच-तीन महिने, आणि मध्ये तण नको, कारण तणांच्या मुळांत सूत्रकृमी आरामात तग धरतात. बुटका फ्रेंच झेंडू मोठ्या हजारी झेंडूपेक्षा भरवशाचा. दसरा-दिवाळीची फुलं काढून झाली की झाडं तिथंच बारीक कापून मातीत मिसळा, मुळं उपटू नका.

याच काळात अबोलीसाठी खत तयार करता येतं. पाच किलो चांगलं कुजलेलं शेणखत, त्यात ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा, हातात वळेल इतकं ओलं करून ओल्या गोणपाटाखाली सावलीत दहा-पंधरा दिवस ठेवा, मध्ये एकदा उलथा. पांढरी-हिरवी बुरशी धरली की तयार. पर्प्युरिओसिलियम लिलासिनम ही सूत्रकृमींची अंडी खाणारी बुरशी आता जैविक खतांच्या दुकानांत पावडरीच्या रूपात मिळते (पुड्यावर पूर्वीचं पॅसिलोमायसिस हे नावही असतं). ती मिळाली तर तीही याच खतात मिसळा. पुडा घेताना तारीख बघा. दुकानाच्या तापलेल्या काचेत महिनोन्‌महिने पडलेल्या पुड्यात जिवंत काही उरलेलं नसतं.

कोकणात आणि गोव्यात दिवाळीनंतर लगेच अबोली लावता येते. पुणे, नाशिक, नगर भागात थंडी तिला बाधते, वाढ थांबते, पानं लालसर होतात; तिथं फेब्रुवारी उजाडेपर्यंत थांबा. रोप लावताना आळं खोल करू नका, उलट चार बोटं उंच वरंब्यावर लावा, म्हणजे पुढच्या पावसात बुंध्याशी पाणी थांबणार नाही.

कुंडीतली अबोली

कुंडीत काम सोपं आहे, कारण सगळी माती हातात आहे. मेलेल्या झाडाची माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. ती वापरायचीच असेल तर ओलसर करून पारदर्शक पिशवीत चार बोटांच्या पातळ थरात भरा, तोंड बांधा आणि मे महिन्यात गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर महिनाभर ठेवा. पिशवी अधूनमधून उलटा. कुंडी साबणानं घासून कडक उन्हात वाळवा.

बाल्कनीत मात्र सूत्रकृमींपेक्षा पाणीच जास्त झाडं मारतं. कुंडीखालची ताटली भरलेली, खालचं भोक मुळांनी किंवा मातीनं बुजलेलं, वरून रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. अबोलीला ओल हवी, चिखल नको. दहा-बारा इंची कुंडी, त्यात माती, कुजलेलं खत आणि जाड वाळू किंवा विटांचा चुरा सारख्या भागांनी, आणि ताटली रिकामी. उरलेली चहापत्ती बुंध्याशी टाकण्याची सवय असेल तर ती सोडा. तिथं कायम ओल राहून खोडकुजीला आमंत्रण मिळतं. केळीच्या सालींचं पाणी, ताक, हळद यांनी मुळातली सूत्रकृमी जात नाही, आणि त्या प्रयोगांत गेलेले दोन-तीन आठवडे झाडाला परवडत नाहीत.

देशावरचं दुखणं: पिवळे शेंडे

चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असतं, पण मातीचा सामू (पीएच) जास्त असल्यानं ते मुळांना घेता येत नाही. बोअरचं क्षारयुक्त पाणी हे आणखी बिघडवतं. शेंड्याची पानं लिंबासारखी पिवळी आणि शिरा हिरव्या, पुढे पान जवळजवळ पांढरं पडतं आणि कडा करपतात. मुळं तपासली तर ती पांढरी, निरोगी निघतात. हाच यातला फरक.

लगेच आराम पडायला हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, गाळून संध्याकाळी कोवळ्या पानांवर फवारा. द्रावण ताजंच वापरा, तांबूस झालं की त्याचा उपयोग गेला. दहा-बारा दिवसांनी पुन्हा. फरशीवर आणि फुलांवर डाग पडतात, तेव्हा आधी फुलं खुडून घ्या. मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं, लोह घ्या, पण पुड्यावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं आहे का बघा. ‘ईडीटीए’ प्रकार स्वस्त मिळतो, मात्र चुनखडीच्या मातीत तो टिकत नाही, पैसे वाया जातात. नुसतं हिराकस आळ्यात टाकलं तरी तेच होतं. कायमचा उपाय म्हणजे भरपूर सेंद्रिय खत आणि शक्य असेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी. कुंडीत लाल माती वापरली तर हा प्रश्न बराच कमी होतो.

उरलेल्या किडी थोडक्यात. मार्च ते मे दरम्यान पानं धुळकट, ठिपकेदार आणि खाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूवर दोन-तीन दिवसांआड पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी तो आटोक्यात येतो. पांढरे कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, सोबत मुंग्या असतातच. फांदी छाटा, उरलेलं साबणाच्या पाण्यानं पुसा, मुंग्यांची वाट तोडा. मावा आणि फुलकिडे निंबोळी अर्कानं जातात. यांपैकी कशानंही झाड उभं वाळत नाही, त्यामुळे वर पिठ्या ढेकूण दिसला म्हणून मुळं तपासायचं टाळू नका.

नवं रोप आणताना

नर्सरीत फुलांनी भरलेलं झाड हात पुढे करायला लावतं. त्याऐवजी बिनफुलाचं, लहान, गडद हिरव्या पानांचं रोप निवडा आणि विक्रेत्याला पिशवीतून मातीचा गड्डा अलगद बाहेर काढून दाखवायला सांगा. चांगला नर्सरीवाला नाही म्हणत नाही. गड्ड्याच्या कडेला पांढरी मुळं दिसायला हवीत. काळी दिसली, गाठी दिसल्या, किंवा मुळंच दिसली नाहीत, तर तिथलं कुठलंच झाड त्या दिवशी घरी आणू नका.

आणलेलं रोप थेट वाफ्यात लावू नका. महिनाभर वेगळ्या कुंडीत, जमिनीला न टेकवता, विटेवर ठेवा. त्यातून झिरपणारं पाणी बागेत जाऊ देऊ नका. त्याच्यासाठी वापरलेलं खुरपं धुऊन वाळवूनच दुसरीकडे वापरा. महिन्यानं गड्डा पुन्हा एकदा काढून बघा. नवी पांढरी मुळं कडेपर्यंत आलेली असतील तर ते वाफ्यात जायला तयार आहे. लावल्यावर पहिल्या पावसाळ्याच्या शेवटी, झाड छान दिसत असलं तरी, एका बाजूनं थोडी माती बोटांनी सारून दोन-चार मुळं तपासा. तेवढ्या मुळांनी झाडाला काही होत नाही, आणि गाठ सुरुवातीलाच सापडली तर शेंडे कापून रोपं करून ठेवायला वेळ मिळतो.